वाटीतलं दही

चूक माझीच होती. सई पहिल्या नोकरीसाठी बंगळुरूला निघाली होती आणि मी सोफ्यावर बसून टीव्हीवरच्या मालिकेत एका खोट्या राजाचं मुंडकं कधी उडतंय याची वाट पाहत होतो. आमच्या घरी निघणाऱ्याच्या हातावर दही घालण्याचं काम माझं.

"बाबा, रिक्षा आलीय."

"आईकडून घे ना. दहाच मिनिटं राहिलीत."

"बसा तुमच्या राक्षसांपाशी," बायको म्हणाली. मग दार लागलं.

भाग संपल्यावर पाहिलं, तर टेबलावर दही तसंच होतं. वाटीच्या कडेला पाणी सुटलं होतं. सईने ते आईकडूनही घेतलं नव्हतं.

आता त्या मालिकेची मला किळस येते. तो सततचा अंधार, ती कारस्थानं, चांगल्या माणसाला आधी मारण्याची ती हौस. चार दिवस मी ते अधाशासारखं पाहिलं. त्यातली राजकन्या किल्ला सोडून निघाली, तेव्हा तर डोळे पुसले. पण मालिकेने मला बांधून ठेवलं नव्हतं. लेकीचं जाणं बघवत नव्हतं म्हणून उठलो नाही, असं बायकोला सांगून पाहिलं. तेही खोटं. मला फक्त पुढे काय होतं ते बघायचं होतं.

तीन दिवस सई फक्त आईशी बोलली. चौथ्या दिवशी मीच फोन लावला.

"मेला का तुमचा राजा?" तिने विचारलं.

"मेला. सई, मी उठायला हवं होतं. उठलो नाही. मला माफ कर, बाळा."