गुडघ्यापुरता आडोसा

आख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात माह्या आकडसासूसारखी बाई दुसरी नाही, अन असती त दोघींले मिळून एक आभाळ पुरलं नसतं. आकडसासू म्हणजे बायकोची मोठी बहीण. घरचे सारे तिले बाई म्हणते, म्हणून मीबी बाईच म्हणतो. बाई इतकी उंच, का उन्हाळ्यात आमी तिच्या सावलीच्या अंदाजानं खाटा टाकतो. आता कोणी म्हणीन हा वाढवून सांगते. वाढवून सांगतोच मी. माह्यी शाळा पाचवीत सुटली, त्याच्यानंतर माह्यं जे काही वाढलं ते तोंडच वाढलं. खरं त मी लग्नासाठी बाईलेच पाहाले गेलतो. तिनं पोहे देले, मले पाच मिनिटं ऐकलं, अन आत जाऊन सासूले म्हणे, "उंचीचं काही नाही आई, पण हा माणूस तोंड मिटत नाही. धाकटीले विचार, तिले रेडिओ आवडते." असा मी धाकटीच्या वाट्याले आलो अन अजून वाजूनच राह्यलो.

बाई तवा बाभुळगावले ढोरायच्या दवाखान्यात होती. जिंदगीभर ढोरं तपासल्यानं तिले माणूस अन बैल याच्यात जास्त फरक वाटत नाही, अन मले पाहून त तिचा राह्यलेलाबी फरक मिटला. रविवारी आमच्या घरी आली का चपला काढाच्या आधी ती माह्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहे, कान धरून गरम हाय का थंड हाय ते पाहे, अन बायकोले विचारे, "चारापाणी बरोबर खाते ना?" एकदा मले ताप आलता, तवा तिनं पिशवीतून थर्मामीटर काढलं. ढोरायचं थर्मामीटर कुठं लावते हे ज्याले मालूम हाय त्याले मी सांगत नाही. माह्या ताप तिथल्या तिथं उतरला. मारक्या बैलासमोर ती अशी उभी राहे जसा तो तिचा भाचा हाय. "काय रे, काहून रागावला?" म्हणे, अन तो बैल मान खाली घाले. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मी ऑटोनं माल नेतो, तिथले मुकादम मले शिव्या देते तरी मी आयकत नाही, अन बाईनं निसतं पाह्यलं तरी मी पाणी पिऊन घेतो.

पण अशी ही बाई माणसायमंधी आली का वाकून जाय. लहानपणापासून तिले सांगितलं होतं, पोरीच्या जातीनं इतकं वर दिसू नये. मंग तिनं आपली पाठ अशी वाकवली का मोकळ्या वावरातबी ती ठेंगण्या दारातून निघाल्यासारखी चाले. फोटोत खुर्ची मांगे. लग्नाच्या पंगतीत सगळ्यात आधी बसे, वाढाले कधी उभी राहत नसे. पाहाले आलेले लोक आधी पुरीसारखे फुगून राहे, अन ती उठली का त्यायच्या एसटीची वेळ होऊन जाय. असं होता होता चाळिशी आली. स्कुटीवर बसली का गुडघे कानाले लागे, म्हणून गावोगावी लस द्याले ती सायकलनं जाय, अन त्या सायकलचीबी सीट पार खाली ठोकलेली. दुरून पाह्यलं त वाटे, कोणी नाकतोडा पायडल मारून राह्यला.

यवतमाळचे काही सायकलवाले लोक हायेत, टोपलं डोक्यावर घालून फिरते. त्यायनं हिवाळ्यात नांदेडले जाऊन वापस याचं ठरवलं. माह्या बायकोनं बाईचं नाव देऊन टाकलं, तिले न विचारता. अन त्यायच्या मागं पाणी, केळे अन पंक्चरचं सामान घेऊन जाणारा मालवाहू ऑटो माह्या. केळे दमलेल्या लोकायसाठी होते. आर्णी येईपर्यंत ऑटो चालवून मीच इतका दमलो का अर्धे मीच खाल्ले.

त्या लोकायत एक उमरखेडचा कंडक्टर होता. लोकायच्या खांद्याले मी लागतो, अन माह्या खांद्याले तो लागे. लग्न त्याचंबी झालं नोतं, पण त्याच्या तोंडावर काही उणं दिसत नसे. पहिल्याच चहाले सांगे, "घंटीची दोरी ओढाले मले उडी मारा लागते, भाऊ. पॅसेंजर समजते कंडक्टर आज खुशीत हाय. रोज समजून समजून मले खुशीतच राहाची सवय लागली." बाई हासली, पण तोंडाले पदर लावून, वाकून.

आर्णीले मुक्कामाले पोचलो त बाईचे गुडघे टम्म सुजले होते. सकाळी म्हणे, "जवाईबुवा, सायकल तुमच्या ऑटोत टाका अन मले यवतमाळच्या गाडीत बसवून द्या. आपलं काम नाही हे." मी म्हटलं, "बाई, तुमची बहीण मले घरात घेईन का?" म्हणे, "तसंही कुठं घेते?" सायकल चढवली मी. मले वाईट वाटलं, पण मले वाईट वाटलं का भूक लागते, म्हणून समोरच्या टपरीवर आलूबोंडा खाले गेलो. तिथंच जिनिंगच्या फाटकापुढं कापसाच्या गाड्यायची लाईन लागलती. एका गाडीचा एक बैल चांगला उंचापुरा, दुसरा बुटका, अन उंच्याच्या मानेवर जखम. जू घासून घासून खांदा आला होता. बाई सुजलेल्या गुडघ्यानं तिथं गेली अन गाडीवाल्यावर अशी उखडली का माह्या हातातला आलूबोंडा थांबला.

"डोळे हायेत का नाही तुले? बुटक्याच्या मापानं जू बांधलं अन याले दिवसभर वाकवतं?"

"बाई, जोडीच तशी हाय. मी काय करू?"

"त्याची उंची हाय ते हाय. ते काय गुन्हा हाय त्याचा? जू नीट बांध. जनावर वाकवून कायले चालवतं?"

कंडक्टर चहाचा गिलास घेऊन मागं उभा होता. हळूच म्हणे, "मॅडम, बैलाचं समजलं. तुमच्या सीटचं काय?"

बाईनं त्याच्याकडं पाह्यलं. त्या पाहण्यानं मारके बैल बसते, हा बुटका काय चीज होता. पण तो बसला नाही, चहा पिऊन राह्यलता. मंग बाई माह्याकडं वळली. "पाना आणा, जवाईबुवा." मी पाना आणून देला, तोबी आधी चुकीचा. सीट तिनं आपल्या हातानं वर घेतली, पार शेवटच्या खुणेपर्यंत, अन सायकल ऑटोतून उतरवली.

त्या दिवशी बाई सायकलवर बसली ते दृश्य मले आठवलं का अजून माह्या ऑटो आपोआप हळू होते. पाय लांब, पाठ सरळ, मान वर. कापूस येचणाऱ्या बाया वावरात उभ्या राहून पाहून राह्यलत्या. मोटारसायकलवरचे दोघं पोट्टे "ए उंटीण" म्हणून ओरडले. रोजची बाई असती त हँडलमंधी शिरली असती. त्या दिवशी म्हणे, "कुठं हाय? आणा, लस टोचून देऊ." पोट्टे गपचूप पुढं गेले. मी मागून जोरानं हासलो अन ठसक्यानं केळं नाकात गेलं.

नांदेड झालं. वापस येताना उमरखेडच्या पुढं समोरून वारं सुटलं. थंड, कोरडं, सायकल उभीच करून टाके. सायकलवाल्यायची एक रीत हाय, एकानं पुढं राहून वारं आंगावर घ्याचं, बाकीच्यायनं त्याच्या आड चालाचं. बाईपेक्षा मोठी भिंत कोणाजोळ होती? सारे टोपलेवाले तिच्या मागं लायनीनं लागले. लय वेळ ती एकटीच ओढत होती. अन मंग कंडक्टर लायनीतून निघाला, पायडल मारत मारत पार तिच्या पुढं गेला. मी ऑटो बाजूले घेतला, काहून का दुसऱ्याचं बोलणं आयकाची मले बिमारी हाय.

"काय करून राह्यले तुमी?" बाई म्हणे.

"आडोसा."

"तुमच्यानं मले काय आडोसा होते?"

"गुडघ्यापुरता त होते ना, मॅडम. तेच दुखते ना तुमचे."

बाईनं सायकल नीट त्याच्या मागं घेतली. चाळीस वर्षं साऱ्यायनं तिले बस म्हटलं होतं, वाक म्हटलं होतं, अन वारं सुटलं का सारे तिच्याच आड लपले होते. तिच्यापुढं जाऊन वारं खाणारा हा पहिलाच, अन तोबी एवढुसा. माह्ये डोळे भरले. ते पुसाच्या नादात माह्या हात हॉर्नवर पडला, अन ट्रक आला समजून दोघंबी रस्त्याखाली तुरीच्या वावरात उतरले. असं माह्या हातून नेहमी होते. पण तुरीतच उभं राहून बाईनं त्याची पापणी ओढून पाह्यली, म्हणे, "रक्त चांगलं हाय." अन मंग विचारलं, "घरी कोण कोण असते तुमच्या?" मले कळलं का आता आपण ऑटो पुढं घ्यावा.

घरी येऊन बाईनं लग्नासाठी कंडक्टरचं नाव सांगितलं, त सासूनं डोक्याले हात लावला. "लोक हासतीन व माय. जोडी दिसते का हे?" बाई म्हणे, "लहान-मोठ्या बैलायची जोडीबी चालते, आई. कोणाची मान वाकवाची नसली म्हणजे झालं." मंग म्हणे, "हासण्याचं म्हणशीन त आतापर्यंत हासले, त्यानं मी काय बोटभर कमी झाली?"

लग्नात अंतरपाट धराले एकीकडून मी होतो, दुसरीकडून डेपोचा एक ड्रायव्हर. मले पाटावर उभं केलं, तरी बाईचं तोंड कपड्याच्या वर पुरं दिसे. भटजी म्हणे, "अजून वर घ्या, नवरीचं तोंड झाकलं पाह्यजे." म्हटलं, "महाराज, माह्ये हात इथंच संपते." बाई हळूच म्हणे, "राहू द्या इथंच. दिसू द्या." अन मंगलाष्टकं संपेपर्यंत ती तशीच सरळ उभी राह्यली, साऱ्या मांडवासमोर. तिकडून कंडक्टर बिचारा मान मागं टाकून वर पाहून राह्यलता, जसं कोणी पहिल्यांदा विमान पाह्यते. माह्ये हात भरून आले होते, पण खाली घ्यावं वाटलं नाही.

आता बदली घेऊन ती उमरखेडले राह्यते. सणावाराले येते, कंडक्टर दाजी पेढे आणते. बाकीच्या रविवारी माह्ये कान कोणी धरून पाह्यत नाही, थंड हाय का गरम कोणाले मालूम. आमच्या घरात वरच्या कोपऱ्यायनं जाळे धरले हायेत. ती आली का बोलता बोलता हातानंच काढून टाके, आमाले कधी दिसलेबी नाही. परवा मी लांब झाडू घेऊन स्टुलावर चढलो. बायको खालून म्हणे, "राहू द्या. पडसान. बाई येईन तवा काढीन."

मी उतरलो. झाडू तसाच दाराआड ठेवून देला.