देवांच्या दुकानातली अमेरिका

भावजी गेल्याची बातमी देवरूखला आणली ती मोटारीच्या ड्रायव्हरनं. एरवी हा माणूस नाक्यापासून भोंगा वाजवत येतो. त्या दिवशी गुपचूप येऊन दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन. "काकी, केशवशेट…" एवढंच म्हणाला. मी लेकीकडे चार दिवस राहायला गेले होते, पडवीत कुळीथ निवडत बसले होते. सूप बाजूला ठेवलं आणि तशीच त्याच्या मोटारीत जाऊन बसले. वाटेत पाली येईपर्यंत डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मनातल्या मनात भांडत होते त्यांच्याशी, की एवढी कसली हो घाई? मी परत येईपर्यंत थांबायला काय झालं होतं? पाली मागे पडली आणि मग मात्र पदर तोंडात कोंबावा लागला.

केशवभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले आणि रत्नागिरीच्या बाजारात तसबिरींचं दुकान चालवलं. तीन भिंतींवर देव, चौथीवर अमेरिका! हे वेड लागलं एका खलाशामुळे. तो गणपतीची तसबीर न्यायला आपली पत्र्याची पेटी घेऊन आला होता. पेटीच्या झाकणाला आतून त्यानं अमेरिकन मासिकाचं एक पान चिकटवलेलं. पायरीवर बसून एक म्हातारा आपला बूट शिवतोय, आणि दुसरा बूट तोंडात धरून कुत्रा समोर ताटकळत उभा आहे. भावजींनी गणपती त्याला फुकट दिला आणि ते पान मागून घेतलं. ओल्या फडक्यानं भिजवून भिजवून सोडवत दुपारभर बसले, जेवायचीसुद्धा शुद्ध नाही. तेव्हापासून बोटीवर निघालेल्या प्रत्येक खलाशाला यांचं एकच सांगणं, "येताना तिकडची जुनी मासिकं आणा." ती यायची तेलकट, ओलसर, कधी झुरळांसकट. मी नाक मुरडायची. "वहिनी, वास नका घेऊ, चित्र बघा," म्हणायचे.

गावातले शहाणे हसायचे. शाळेचे ड्रॉइंगमास्तर तर तोंडावर म्हणाले, "केशवराव, गोष्टी खपवण्यासाठी काढलेली चित्रं ही. याला कला म्हणत नाहीत." भावजी तसे गरीब गाय, पण या बाबतीत शिंगं उगारायचे. "मास्तर, गोष्ट इंग्रजीत आहे, मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. तरी म्हाताऱ्याचा बूट कुठे उसवलाय ते कळतं की नाही? मग गोष्ट सांगितली कोणी?" चौकट करताना त्यांचा एक कटाक्ष असे. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, ती लाकडाखाली जाता कामा नये. त्यापायी चौकट वेडीवाकडी दिसली तरी चालेल! ज्यानं जीव ओतला त्याचं नाव झाकायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांना एवढंच हवं होतं, की रत्नागिरीतल्या एका तरी घरात यातलं एक चित्र लागावं, निव्वळ आवडलं म्हणून. गिऱ्हाईकं यायची, चौकटीवर हात फिरवायची आणि म्हणायची, "लाकूड झकास आहे हो, यात दत्त बसवून द्या." त्या रात्री भावजी जेवताना घुम्यासारखे बसत.

मग एकदा आली सुभद्रा. तिचा नवरा आगबोटीवर भटारखान्यात कामाला. देवाची तसबीर घ्यायला म्हणून आली आणि उभी राहिली चौथ्या भिंतीपुढे. चित्रात एक गोरा आचारी बादली पालथी घालून बसलाय, बटाटे सोलतोय आणि स्वतःशीच हसतोय. "आमचं ह्ये अस्सेच बसतात," म्हणाली आणि घेऊन गेली. मला वाटलं, आता भावजी पेढे वाटतील. कसले पेढे! "ही विक्री मी धरत नाही. तिनं चित्र नाही नेलं, नवरा नेला."

पुढं तो बिचारा बोटीवरच तापानं गेला. वर्षश्राद्धाला फोटो पाहिजे, फोटो तर कधी काढलेला नाही. सुभद्रानं त्या आचाऱ्यालाच हार घातला. झालं! बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच, साहेबाचं श्राद्ध घातलं म्हणून. भावजी दिवसभर येरझारा घालत होते. "वहिनी, चित्रकारानं हसता जिवंत माणूस काढलाय हो… हिनं हार घालून मारला त्याला."

"मग जा आणि सांगा तिला. माझं डोकं कशाला खाता?"

गेले. परत आले ते एकदम निवलेले. म्हणाले, "हारानं सही झाकली होती, तेवढा जरा वर सरकवला."

"आणि सांगितलंत का?"

"काय सांगणार?… तिनं विचारलं, हे कोणाचं नाव. म्हटलं, ज्यानं याला घडवला त्याचं. तर हारातलं एक फूल काढून तिनं तिथं ठेवलं." चष्मा पुसत बसले. मग भात मात्र दोनदा मागून घेतला.

भावजींचे दिवसवार झाले आणि परवा दुकान उघडलं. थोरला म्हणाला, "आई, ही भिंत मोकळी करू. आरसे लावू, आरसे खपतात." खोटं नव्हतं ते. मीच उभी राहून चित्रं उतरवून घेत होते, तेवढ्यात सुभद्रा आली. मला वाटलं, समाचाराला आली. होतीही त्यासाठीच, थोडी बसली, डोळे पुसले. मग उतरवलेल्या चित्रांकडे तिची नजर गेली. एका चित्रात वाऱ्यानं छत्री उलटलेली एक जाडी बाई, आणि तिच्या टोपीच्या मागे धावणारा सगळा गाव. सुभद्रा बघत राहिली, आणि एकदम खुदकन हसली. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. लाजून तिनं पदर तोंडावर घेतला.

"ह्ये द्याल मला?"

मी म्हटलं, "अगो, हिला कोणाच्या नावानं हार घालणार?"

"हार कशाला? चुलीसमोर लावीन. बघीन."

मी थोरल्याला म्हटलं, "आरशांचं राहू दे." आणि मग भावजींसाठी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले, भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत.