गुरुवारचा धूर

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी सांगलीतल्या एका छोट्या कचेरीत लागले, तेव्हा आईनं गल्लीभर सांगितलं की पोरगी आता पाऊस कधी पडणार ते सांगते. खरं तर आमचं काम गावोगावच्या हवेतला धूर आणि धूळ मोजण्याचं होतं. जेवणाच्या डब्याएवढी यंत्रं आम्ही लोकांना विचारून त्यांच्या भिंतींवर लावायचो. यंत्रं दिवसभर आकडे पाठवत राहायची आणि ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत मी त्यांचे आलेख काढायचे.

शिराळ्याकडच्या एका गावातलं यंत्र निवृत्त सुभेदारांच्या गोठ्याच्या भिंतीवर होतं. मुलं पुण्याला, त्यामुळे घरात सुभेदार, काकू आणि म्हशी. गावची हवा चांगली होती. सगळे महिने एकत्र मांडले की रेघ निवांत पडलेली दिसायची, मधूनमधून सुळके. एकदा मी ती आकडेवारी वारांप्रमाणे फोडली. सहा वारांच्या चौकटींत काहीच नव्हतं. गुरुवारच्या चौकटीत मात्र दुपारी तीनच्या सुमाराला भाला रोवल्यासारखी रेघ उभी. मग नुसते गुरुवार वेगळे काढून पाहिले. एकही गुरुवार चुकलेला नव्हता.

“यंत्र बिघडलंय,” साहेब म्हणाले. “धुराला वार कळत नाही. जाऊन बघून या.”

यंत्र ठणठणीत होतं. काकूंनी चहा केला. मी सोप्यात लॅपटॉप उघडून बसले, तसे सुभेदार खुर्ची ओढून जवळ आले.

“ही कसली भाषा म्हणायची?”

“आर.”

“आर? फुडं काय?”

“पुढं काही नाही. नुसतं आर.”

“आरं तिच्या!” त्यांना फार मौज वाटली.

काकूही डोकावल्या. मला दाखवायची हौस. म्हटलं, बघा काकू, सगळ्या आकड्यांतून आपल्याला हवा तो तुकडा काढता येतो. वार बरोबर गुरुवार, असं लिहायचं. फक्त बरोबरची खूण दोनदा द्यावी लागते.

“दोनदा कशाला?”

“एकदा दिली तर त्याला ती चौकशी वाटत नाही, हुकूम वाटतो.”

“आमच्यात उलटं हाय,” काकू म्हणाल्या. “हुकूमच दोनदा द्यावा लागतोय.”

आणि मी गुरुवार काढून दाखवला. भाला उभा राहिला. काकूंनी वेळ विचारली. मी तीन म्हणाले. गुरुवारी तीन वाजता काकू दत्ताच्या देवळात भजनाला जातात, हे मला कुठून ठाऊक असणार?

“आवं,” त्या नवऱ्याकडं वळल्या, “ह्यो कसला धूर?”

“शेजारी पाचट जाळत्यात.”

“बारा म्हयने? आन् गुरुवार धरून?”

सुभेदार यंत्राकडं असे बघत होते, जणू ते शत्रूच्या मुलखातून आलंय. डॉक्टरांनी विडी बंद केल्याला बरीच वर्षं झाली होती, ते मला नंतर कळलं. गोठ्यातल्या ज्या बाजेवर बसून ते आठवड्याचा वाटा एका बैठकीत ओढायचे, ती नेमकी आमच्या यंत्राखाली होती.

त्यानंतर गुरुवारचा भाला नाहीसा झाला. म्हणजे गुरुवार खाली आला नाही. बाकीचे सहा वार वर आले. रोज तीन वाजता, घड्याळ लावावं तसा धूर. मी सोमवार काढला, शनिवार काढला, रविवार काढला. सगळीकडं सारखीच उंची. आलेख जिल्ह्यात कुठं नाही इतका भयानक दिसत होता. साहेबांनी तो वर पाठवला आणि वरून तपासणीला तीन अधिकारी जीपमधून निघाले. मला बरोबर घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. सुभेदार इस्त्रीचा सदरा घालून गोठ्यापुढं उभे. पायाशी पाटीत गोवऱ्या, कडुलिंबाचा ओला पाला आणि फाटकं पोतं. त्यांनी आम्हाला रामराम केला, घड्याळ बघितलं आणि काडी ओढली. पांढऱ्या धुरात अधिकारी एकेक करून दिसेनासे झाले.

“डास!” धुरातून सुभेदारांचा आवाज आला. “लय डास हायती सायेब!”

मी खोकत त्यांच्या बाजूला गेले. म्हटलं, काका, हे रोज करता?

त्यांनी आवाज उतरवला. “पोरी, रानात एकच तंबू असला की दुश्मनाला दिसतो. समदं रानच तंबूवानी केलं की न्हाई दिसत.”

ह्याला आमच्या अभ्यासक्रमातही नाव आहे, पण इतकं नीट मला कोणी शिकवलं नव्हतं.

काकू घरातून बाहेर आल्या, डोळ्याला पदर लावून. अधिकाऱ्यांना त्यांनी बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, “सायेब, गावाची हवा चांगली हाय. आमच्या मानसाची न्हाई.” मग पाटीवर कळशी ओतली. चर्रर्र झालं. “आवं, म्हशी दूध चोरायला लागल्या तुमच्या धुरानं. एक विडी वडा आठवड्याला, पर माझ्या डोळ्यादेखत. आन् ह्या डब्याखाली न्हाई.”

“यंत्र हलवू का?” मी विचारलं.

“ते ऱ्हाऊ दे तितंच,” काकू म्हणाल्या. “ह्यास्नी हलवू.”

तिघा अधिकाऱ्यांत कारण काय लिहावं यावर बराच खल झाला. एकाचं मत ‘डास’, दुसऱ्याचं ‘घरगुती’. शेवटी ‘स्थानिक’ असं लिहून ते जीपमध्ये बसले.

आता सुभेदार आपली एक विडी गोठ्याच्या पश्चिमेला, मळ्यातल्या चिंचेखाली ओढतात आणि काकू बांधावर राखणीला बसतात, त्यासाठी त्यांनी भजनाची वेळ पाचची करून घेतली. तरी पश्चिमेचा वारा असला की माझ्या गुरुवारच्या चौकटीत बारीकसा उंचवटा येतोच. म्हणून गुरुवारी सकाळी कचेरीत सुभेदारांचा फोन येतो. “म्याडम, वारा कुटनं हाय आज?” मी बघून सांगते. परवा मी “पश्चिम” म्हणाले, तर सुभेदारांनी ते घरात ओरडून सांगितलं. मग फोन काकूंनी घेतला. म्हणाल्या, “मग आज चिंचंच्या पल्याड बसवते त्यास्नी.”