'आमच्याकडे बरोबर दिसतंय' या वाक्याचा वैरी

महाड-पोलादपूरकरांनो, आणि मुंबईत राहून गावचा मान सांभाळणाऱ्या माझ्या चाकरमान्यांनो, आपल्याला सगळ्यात जास्त छळलंय ते एका वाक्याने.

"आमच्याकडे तर बरोबर दिसतंय."

ऑनलाइन फॉर्म उघडत नाही. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतात. फोन करा, पलीकडून हेच उत्तर. म्हणजे चूक तुमची, तुमच्या कॉम्प्युटरची, तुमच्या गावाची!

या वाक्याशी हाडवैर घेतलेला माझा मित्र अवधूत गेल्या वर्षी आजच्याच दिवशी गेला.

गंमत अशी, की हे वाक्य एकदा तो स्वतःच बोलला होता. आणि त्यापायी आमच्या देवाची पालखी अडली होती.

महाडच्या एसटी स्टँडमागे त्याचा नेट कॅफे होता. तिथेच तो वेबसाइटही बनवायचा.

आमचं गाव कापड्याच्या पलीकडे. वाड्या दोन, देऊळवाडी आणि जांभूळवाडी. शिमग्यात पालखी आधी कुणाकडे, यावर आजोबांच्या काळापासून वाद. तोडगाही तेव्हापासूनचाच: एक वर्ष तुम्ही, एक वर्ष आम्ही.

मुंबईच्या मंडळाने गावाची वेबसाइट काढायची ठरवली, तेव्हा अट एकच घातली. दोन्ही वाड्या शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत. वर-खाली कुणी नाही!

अवधूतने पानावर दोन खोकी केली. एकात देऊळवाडीचे फोटो, दुसऱ्यात जांभूळवाडीचे. कॅफेत दाखवली. एका रांगेत, छान. उद्घाटनाला मी भाषणही ठोकलं.

ऐन शिमग्याच्या तोंडावर मुंबईहून मंडळाचे सेक्रेटरी शांतारामभाऊ यांचा फोन. माणूस जांभूळवाडीचा.

"अवधूत, आमची वाडी देऊळवाडीच्या पायाखाली कशी गेली रे?"

आणि अवधूत बोलून गेला, "आमच्याकडे तर बरोबर दिसतंय, भाऊ. तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल."

झालं!

जांभूळवाडीने जाहीर केलं, "पालखीला आमचा खांदा नाय."

आमच्याकडे पुढचा खांदा एका वाडीचा, मागचा दुसरीचा. एक वाडी फिरली की देव जागचा हलत नाही.

पालखी बसते त्या सहाणेवर बैठक भरली. मी उभा राहिलो. महाडच्या मातीत समतेवर बोलायला कारण लागत नाही, इथे तर कारणही होतं. अर्धा तास बोललो. दोन्ही वाड्यांनी कडकडून टाळ्या दिल्या.

आणि पुन्हा भांडायला लागल्या.

तेवढ्यात टेम्पो आला. त्यातून अवधूत उतरला, पूर्ण कॉम्प्युटर घेऊन. मॉनिटर, डबा, वायरींचा गुंता. देवळातून वीज ओढली आणि आमच्या गावाचं पान दोनदा उघडलं.

एकदा निळ्या 'ई'च्या ब्राउझरमध्ये. वाड्या शेजारी शेजारी.

एकदा नुकत्याच आलेल्या, कोल्ह्याचं चित्र असलेल्या ब्राउझरमध्ये. जांभूळवाडी धपकन खाली.

"पान एकच आहे," अवधूत म्हणाला. "खोक्यात फोटोभोवती मोकळी जागा सोडलीय. 'ई' ती जागा खोक्याच्या रुंदीतच धरतो. कोल्हा बाहेर मोजतो. मग दोन्ही खोकी एका ओळीत मावत नाहीत, दुसरं खाली पडतं. माझ्या कॅफेत कोल्हा नव्हता. मी बघितलंच नाही."

देऊळवाडीचे गंगारामआबा पुढे सरकले.

"म्हंजी खांदेकऱ्यांसारखं हाय रे. एक बुटका, एक उंच. मग देव कलंडणार नाय तर काय!"

"अगदी तसंच, आबा."

"मग तो कोल्हा काढून टाक ना," शिमग्याला गावी आलेले शांतारामभाऊ म्हणाले.

"भाऊ, कोल्हा तुमच्या ऑफिसात बसलाय. मी महाडातून कसा हाकलू? खांदेकरी आपल्या हातात नाहीत. पालखीच अशी बांधायची, की दोघांच्याही खांद्यावर सरळ बसेल."

सगळ्यांदेखत त्याने दोन्ही खोकी थोडी अरुंद केली. कोल्ह्यात जांभूळवाडी टुणकन वर आली!

तरी विश्वास कुणाला? सुताराला बोलावलं. त्याने टेप लावून मॉनिटरवर दोन्ही खोकी मोजली.

"सारखी हायत."

पारूकाकी मागून ओरडली, "झाला ना न्याय? मग उचला की रे! देव ताटकळलाय."

पालखी उठली. ढोलाच्या आवाजात अवधूत माझ्या कानाशी ओरडला, "वक्ते, ते वाक्य मी परत बोलणार नाही."

नाही बोलला.

नंतर त्याने कॅफेत जुनेपाने कॉम्प्युटर जमवले, प्रत्येकात वेगळा ब्राउझर. लोक भंगारवाला म्हणायचे. कुणी काही बिघडलं सांगितलं, की तो आधी विचारायचा, "कुठल्या ब्राउझरमध्ये?" मग स्वतः उघडून बघायचा.

पुढे मोबाइल आले. एवढ्याशा पडद्यावर दोन वाड्या शेजारी मावेनात, एक खाली जाणारच. मी म्हटलं, आता पुन्हा सहाण!

अवधूतने मोबाइलसाठी वेगळी सोय केली. पान उघडाल तेव्हा देऊळवाडी वर. पुन्हा उघडाल तेव्हा जांभूळवाडी.

एकदा तुम्ही, एकदा आम्ही.

शेवटी हॉस्पिटलात भेटलो, तेव्हा धीर द्यायला म्हणालो, "आज चेहरा बरा दिसतोय तुझा."

नळ्यांच्या गुंत्यातून आवाज आला, "कुठल्या ब्राउझरमध्ये?"

नर्स हसली. मीही हसलो. ते आमचं शेवटचं बोलणं.

आता मंडळाने गावाची साइट नवी केली आहे. ती बनवणाऱ्या पोरांना मी विचारलं, दोन्ही वाड्या नीट दिसतात ना?

"आमच्याकडे तर बरोबर दिसतंय, काका."

मित्रहो, शिमगा जवळ आलाय. अवधूतच्या फोटोला हार घालू नका, नुसते हात जोडलेले इमोजीही नकोत. त्याला श्रद्धांजली वाहायची रीत एकच.

घरातला सगळ्यात जुना फोन काढा. गावाची साइट दोनदा उघडा. जसं दिसेल तसा फोटो खाली कमेंटमध्ये टाका.

आणि ब्राउझर कुठला, ते लिहा.