ऑफिसला निघालीस की बघेन

खुर्चीवर कपडे साठत जातात ना, तसे आमच्याकडे इंटर्नशिपचे किस्से साठलेत. एक ओढायला जावं तर खालून दुसरा येतो! तन्वी, ओंकार आणि मी भेटलो की चहा यायच्या आधीच कोणीतरी सुरू करतं, "ए, तो शर्ट आठवतो?" आणि मग तासभर कोणी उठत नाही.

तन्वी डोंबिवलीची, ओंकार कल्याणचा, मी दिव्याची. कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत तिघांना ठाण्यातल्या एकाच ऑफिसात इंटर्नशिप मिळालेली. मेलमध्ये लिहिलेलं, 'रोज फॉर्मल्स.' रोज! आमच्याकडे प्रेझेंटेशनला घालायचा एकेक जोड होता, आणि स्टायपेंड मिळणार होता सगळं संपल्यावर.

माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर, ठाण्याच्या खोपट डेपोला. मेल वाचून घरात सगळ्यात खूश तेच. मी म्हटलं, "बाबा, घालून दाखवू?" तर म्हणाले, "घरात घालून दाखवू नको. नाटकातल्यासारखं वाटतं. ऑफिसला निघालीस की बघेन." पण उन्हाळ्यात कोकणच्या जादा गाड्या, त्यामुळे रजा बंद. ते उजाडायच्या आत निघायचे, दापोलीला मुक्काम करायचे, दुसऱ्या दिवशी उशिरा घरी यायचे तेव्हा मी गाऊनमध्ये जांभया देत बसलेली. सुट्टी मिळाली तर नेमकी रविवारी! मी फोटो पाठवला, तर फोनवर म्हणतात कसे, "फोटोत काय गं, सगळेच साहेब दिसतात!"

*

ओंकारच्या घरी दिवाणात आहेरात आलेल्या शर्टपीस-पँटपीसचा ढीग होता. तो म्हणाला, यातलाच एक शिवतो. त्याच्या आईला धक्काच बसला. "अरे, आहेराचं कापड शिवायचं नसतं, पुढे द्यायचं असतं!"

तरी ह्याने हट्टाने शर्ट शिवून घेतला. त्याच रविवारी काका घरी आले. शर्टाकडे निरखून बघत म्हणाले, "कापड ओळखीचं वाटतंय."

आई ओशाळून म्हणाली, "तुम्हीच दिलेलं, भाऊजी."

"हो, पण आम्हाला ते तुम्हीच दिलेलं की, वास्तुशांतीला!"

*

ओंकारचेच बूट. बूट त्याच्या वडिलांचे, चांगले एक नंबर मोठे. म्हणून पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. एका मीटिंगमध्ये सगळे गप्प, मोठे साहेब स्क्रीनवर आकडे दाखवतायत, आणि टेबलाखालून आवाज, कुरकुर, कुरकुर. ओंकारला टेन्शन आलं की पाय हलवायची सवय.

साहेब थांबले. "वेफर्स कोण खातंय?"

ओंकारने पाय घट्ट रोवले. मग साहेबांनी त्याला प्रश्न विचारला, आणि पुन्हा कुरकुर सुरू!

*

तन्वीचे आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. रोज सकाळी दाराशी उभे राहून तिची तपासणी करायचे. "कार्यालयात आपल्या पोशाखाकडे कोणाचेही लक्ष जाता कामा नये," हे त्यांचं ठाम मत. तन्वी कंटाळायची. मला मात्र तिचा हेवा वाटायचा. तिला रोज कोणीतरी दारात थांबून बघत होतं!

मी आणि तन्वी कपडे अदलाबदली करायचो. एक आकाशी शर्ट होता, सोमवारी तिच्या अंगावर, बुधवारी माझ्या. आमच्या मॅडमना चेहऱ्यांपेक्षा शर्टच जास्त लक्षात राहायचा. एका बुधवारी मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाल्या, "तन्वी, परवाचं काम फार सुंदर केलंस हं!"

मी निमूटपणे "थँक यू, मॅम" म्हटलं. तन्वी समोरच बसलेली, डोळे वटारून बघतेय! ओंकार म्हणाला, "शांत हो. कौतुक शर्टाचं झालंय, दोघींनी वाटून घ्या."

*

दिव्यात मे महिन्यात पाण्याची बोंब. एकदा दोन दिवस नळाला थेंब नव्हता आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर भाजीचा डाग. शेवटी विकतचा जार फोडून शर्ट धुतला. आई करवादली, "आम्ही घसा कोरडा ठेवायचा आणि शर्टाला जारचं पाणी!" मी तो ओलाच दोरीवर टाकून झोपले.

सकाळी उठून बघते तर शर्ट हँगरला, कडक इस्त्री केलेला. बाबा स्वतःची खाकी वर्दी नेहमी स्वतःच इस्त्री करायचे, जाता जाता माझा शर्टही करून गेलेले. कॉलरसुद्धा अशी बसवलेली की बोट लागलं तर मोडेल असं वाटावं. मला रडूच आलं. त्यांनी शर्ट बघितलेला, मला त्यात बघायचं अजून राहिलेलंच.

*

इंटर्नशिपचा शेवटचा दिवस उजाडला. आदल्या रात्री तन्वीने स्वतःचा काळा ब्लेझर दिलेला, "शेवटचा दिवस आहे, घाल" म्हणून. सकाळी बाबांचा आईला डेपोतून फोन आला, गाडीचं काम निघालंय, सुटायला उशीर होईल. मी म्हटलं, आज तरी बघू देत त्यांना! पटापट तयार झाले, केस वर बांधले, ठाण्याला उतरले आणि रिक्षाने थेट खोपट गाठलं.

दापोलीची गाडी फलाटावरून मागे यायला लागलेलीच. कंडक्टर शिट्टी मारत होता. मी धावत मागच्या बाजूने गेले आणि हात केला. बाबांनी आरशात पाहिलं, मान बाहेर काढून ओरडले,

"ओ मॅडम! मागे व्हा, मागे! गाडी येतेय, दिसत नाही का?"

मी मागे झाले. 'बाबा' म्हणेपर्यंत गाडी वळून फाटकाबाहेर गेलेली.

संध्याकाळी घरी आले तर आईने फोन हातात दिला. दापोलीहून बाबा.

"झाली का गं इंटर्नशिप?"

"झाली."

"माझं बघायचं राहिलंच बघ." मग म्हणाले, "आज डेपोत एक मुलगी बघितली. ऑफिसला निघालेली. काय रुबाब होता! तू पण साधारण अशीच दिसत असशील ना?"

मी म्हटलं, "हो बाबा. साधारण अशीच."