दिलशादने जे सांगितलं ते

दिलशाद जन्मापासून बहिरी. पनवेलच्या मोहल्ल्यात तिच्यासारखे ब्लाउज कुणी शिवत नसे. गिऱ्हाइकं मापाचा जुना ब्लाउज देत, गळा केवढा ते बोटाने दाखवत आणि काम भागे. शाळेत मात्र तिला कुणी घातलंच नव्हतं. मनातलं बोलायला एकच माणूस होतं, धाकटी बहीण शबनम. दोघींनी लहानपणी खुणांची आपली भाषा केली होती. शबनम लग्न होऊन मस्कतला गेली, तेव्हापासून दिलशादचं बोलणंच थांबलं.

२०१३ साली अम्मी वारली. त्या वेळी घरात दिलशाद एकटीच होती. शबनमचे दिवस भरत आले होते, तिला येता आलं नाही. पुढे कितीतरी दिवस दिलशाद भावाला, अब्दुल्लाला, हातवारे करून काही सांगू पाहायची. तो तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, पाणी आणून द्यायचा. शेवटी तिने सांगणं सोडून दिलं.

बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा शबनमने कुणाबरोबर तरी दिलशादसाठी स्मार्टफोन पाठवला. पण सिमच्या नेटवर व्हिडिओ कॉलचं चित्र अडकायचं, हात अर्ध्यातच थिजायचे. दोनदा असं झाल्यावर दिलशादने फोन कपाटात ठेवून दिला.

अब्दुल्लाची मुलगी यूम्ना जासईला कंटेनर कंपनीत नोकरी करायची. घरी तिच्या लॅपटॉपला केबलवाल्याचं चांगलं नेट होतं, पण त्याचा कॅमेरा बिघडलेला. लॅपटॉपचं नेट फोनला देता येतं, हे तिला ऑफिसात कळलं. रविवारी सकाळी तिने लॅपटॉपवर हॉटस्पॉट चालू केला, त्याला नाव आणि पासवर्ड दिला, कपाटातला फोन त्याला जोडला आणि दिलशादला समोर बसवलं.

पडद्यावर शबनम आली, मांडीवर बाळ. तिचे हात हलले आणि हलतच राहिले. दिलशाद क्षणभर नुसती बघत बसली. मग तिचे हात सुटले ते थांबेनात. यूम्नाला काही कळेना. बोलता बोलता दिलशादने हनुवटीला बोट लावलं, तशी शबनम रडू लागली.

"यूम्ना, भाईजानला बोलव," ती म्हणाली. "शेवटी अम्मीची वाचा गेली होती. तिने हनुवटीला बोट लावलं. आमच्या भाषेत ती माझ्या नावाची खूण आहे. अम्मी मला बोलावत होती."

अब्दुल्ला येऊन खाली बसला. शबनमने त्यालाही तेच सांगितलं. मग त्याने शबनमला विचारलं, "माझी खूण कुठली?"

शबनमने खुणेने प्रश्न पोचवला, तसं दिलशादने मनगटावर दोनदा बोट आपटलं. कायम घड्याळ बघत बाहेर पडणारा, तो अब्दुल्ला.

त्याने मान खाली घातली. मग त्याने पाण्याची खूण विचारली, मग भाकरीची, मग दुखण्याची. शबनम मस्कतहून सांगत गेली. दुखण्याची खूण त्याने इतकी चुकीची केली की दिलशाद मोठ्याने हसली, आणि तिने त्याची बोटं धरून नीट वळवली.