पहिल्याच चावीला

दस्तगीर मिस्त्री जेवायला घरी गेला आहे आणि शालनताई गाडीतल्या पलंगावर जरा टेकल्या आहेत. झोपायचा विचार नाही. पण टपावर लिंबाची सावली हलते आहे, आत जुन्या रेक्झिनचा उबट वास आहे, सकाळपासून इंजिनाची नुसती घरघर ऐकून कान विटले आहेत. पापण्या आपोआप मिटतात.

गाडी म्हणजे शाळेतून निघालेली जुनी मिनीबस. त्यांच्या यजमानांनी, भूपाल मगदूमांनी, निवृत्तीनंतर ती घेतली, बाकडी काढली, पलंग आणि ओटा बसवला आणि तिचं फिरतं घर केलं. भूपालराव गेले त्याच्याही आधीपासून ती मिरजेच्या घराच्या अंगणात उभी आहे. दस्तगीरनं आज बॅटरी बदलली, फिल्टर बदलला. स्टार्टर फिरतो, इंजिन काही पकड घेत नाही. ‘‘वैनी, टाकीत डिझेल आहे, पण पुढं ओढत नाही. पंप गेलाय. असला पंप आता कुठं मिळायचा?’’ असं म्हणून तो गेला. चालू झाली तर ठेवायची, नाही तर भंगारात द्यायची, असं लेकीशी ठरलं आहे. भंगारवाला आजच येणार आहे.

ओट्यावर भांडं वाजतं. भूपालराव पाठमोरे उभे राहून चहा गाळताहेत. अंगात दवाखान्याचा हिरवा सदरा, पायांत मात्र प्रवासातले कॅनव्हासचे बूट.

‘‘किती ताणून दिलीस,’’ ते म्हणतात. ‘‘गगनबावडा आला.’’

खिडकीबाहेर खरंच धुकं आहे. धुक्यात दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा आहे आणि त्यातून गाडी सावकाश चालली आहे. दोन्ही बाजूंना पेशंटचे नातेवाईक डबे सोडून जेवायला बसले आहेत. चाक जवळ आलं की ते पाय आखडून घेतात.

‘‘चालू झाली?’’ शालनताई विचारतात.

‘‘छे. उतार आहे म्हणून जातेय.’’ ते कप पुढे करतात. कप गार आहे. ‘‘दस्तगीर काय म्हणतो?’’

‘‘पंप गेला म्हणतो.’’

‘‘त्याला पंपच दिसतो. सासऱ्याला ताप आला तरी पंप म्हणेल.’’

शालनताईंना हसू येतं आणि हसता हसता त्या कप ओट्यावर ठेवून देतात. आता ते विचारणार. दवाखान्यात रोज गेल्या गेल्या त्यांचं तेच पहिलं वाक्य असायचं: गाडी चालू केलीस का? आणि डबा, औषधं, रिपोर्ट यांच्या धावपळीत एकदाही चावी न लावलेल्या शालनताई म्हणायच्या, हो, पहिल्याच चावीला. दसऱ्याला तेवढी तिला झेंडूची माळ घातली, काचेला कुंकू लावलं. चालू केली नाही. पुढे भूपालरावांनी हट्ट धरला, घरी नेशील ते आपल्याच गाडीतून ने. शालनताई म्हणाल्या, रंगवायला दिली आहे. मग त्यांना रुग्णवाहिकेतून आणलं, तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली होती.

भूपालराव विचारत नाहीत. पलंगाची फळी सरकवून ते पालथे पडतात आणि खांद्यापर्यंत हात आत घालतात. प्रवासात प्रत्येक मुक्कामाला झोपण्यापूर्वी ते असंच करायचे. शालनताईंना वाटायचं, उंदीर बघताहेत.

‘‘काय आहे तिथं?’’

‘‘डिझेल बंद करायचा कॉक. मीच बसवलेला. आपण आत झोपलेलो असताना कुणी गाडी हलवू नये म्हणून रात्रीचा बंद करायचो. दवाखान्यात निघालो त्या दिवशी सवयीनं बंद केला आणि तुला सांगायचं राहिलं.’’

गाडी आता त्यांच्याच स्वयंपाकघरात उभी आहे. शेगडीवर दूध ठेवलेलं आहे. दूध वर येत नाही.

‘‘पहिल्याच दिवशी आठवलं होतं मला,’’ ते फळीखालून बोलतात. ‘‘सांगणारच होतो. म्हटलं, आधी विचारू. तू म्हणालीस, पहिल्याच चावीला, दहा मिनिटं झकास चालली. पाइपातल्या डिझेलवर ती दोन मिनिटांत बंद पडली असती.’’

‘‘मग तेव्हाच का नाही बोललात?’’

‘‘दमून आली होतीस. वाटलं, उद्या आपणहून सांगशील. म्हणून रोज विचारत होतो. आपल्या गाडीतून ने म्हटलं ते त्यासाठीच. म्हटलं, आता तरी चिडशील, म्हणशील, कुठली गाडी नि कुठलं काय. मग कॉकचं सांगितलं असतं. गेलो असतो दोघं.’’

‘‘जाता आलं असतं?’’

‘‘डॉक्टर नाही म्हणाले नव्हते.’’

आवाजात राग नाही.

‘‘अहो, मी तेव्हा—’’

‘‘हात घाल,’’ ते म्हणतात. ‘‘माझा पुरत नाही आता.’’

त्या शेजारी पालथ्या पडतात. अंधारात बोटांना गार लोखंड लागतं. दोन पाकळ्यांचा कॉक गंजून घट्ट बसला आहे. कानाशी त्यांचा श्वास आहे, त्याला दवाखान्याच्या फिनेलचा वास आहे.

‘‘कुठल्या बाजूला?’’

‘‘तुझ्याकडे.’’

त्या जीव खाऊन पिळतात. लोखंड तळव्यात रुततं.

पत्र्यावर टकटक होते. दारात दस्तगीर उभा आहे, मिशीला ताक लागलेलं. ‘‘वैनी, भंगारवाला आलाय. देऊन टाकायची ना?’’

शालनताई पलंगावरच आहेत, अंगाखाली गादी, गादीखाली फळी जागच्या जागी. खाली हात घालायला पुरं एक मिनिट लागणार नाही. गाडी चालू झाली तर ठेवायची, असं ठरलं आहे. आणि चालू झाली तर त्यांनी हट्ट धरला त्या दिवशीही चालू झाली असती.

‘‘थांबायला सांग त्याला,’’ त्या म्हणतात, आणि मूठ उघडतात. तळव्यावर कॉकच्या दोन पाकळ्यांचा लालभडक ठसा उमटला आहे, आणि त्याला डिझेलचा वास येतो आहे.